जुना माल परत

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आणि पहिली गाडीही माझी. दोन्हींचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत जन्मभर स्टोअरला हेल्पर होते. मी बी.कॉम. झाले, ठाण्याच्या एका कचेरीत लागले आणि पुढं एक वापरलेली छोटी गाडी घेतली. विकणाऱ्यानं नारळ आणि लिंबू-मिरची पुढं केली तेव्हा आण्णा म्हणाले, "ते राहू द्या तुमच्याकडं, चटणीला होईल." मग गाडी आमच्या बिल्डिंगमागच्या बुद्धविहारावरून एक चक्कर मारून आणली, आत जाऊन वंदना केली, आणि आईनं सगळ्यांना पेढे वाटले.

स्टिअरिंगला घरात माझ्याशिवाय कुणी हात लावला नाही. मी लावू दिला नाही म्हणा. आण्णा माझ्या डाव्या हाताला बसायचे, काच खाली, कोपर बाहेर, आणि ओळखीचं कुणी दिसलं की मी गाडी हळू करावी म्हणून खोकायचे.

मग त्यांच्या पाठीच्या मणक्यात गाठ निघाली. मूळ दुखणं दुसरीकडचं, तिथं उतरलेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं की आजार जाणार नाही, पण रोज मशीनवर शेक, म्हणजे रेडिएशन, दिला तर पाय वाचतील. मधे सोडलंत तर एखाद्या सकाळी ते उठायला जातील आणि पाय हलणार नाहीत. शनिवार-रविवार मशीन बंद, बाकी रोज यायचं. हॉस्पिटल ठाण्यात, माजिवड्याच्या पुढं. आम्ही डोंबिवली पश्चिमेला.

रिक्षात त्यांना बसवणं म्हणजे छळ. भाड्याची गाडी एकदा करून बघितली, तर ड्रायव्हर स्पीडब्रेकरवरनं असा गेला की आण्णांच्या तोंडातून आवाजच फुटला नाही, नुसते डोळे मोठे झाले. ॲम्ब्युलन्सला त्यांनी साफ नकार दिला. "बिल्डिंगखाली ती लागली की लोक फुलं आणायला जातील," म्हणाले. राहिली माझी गाडी.

आणि माझ्या गाडीचे मागचे शॉकअप गेलेले. तेल गळत होतं, खड्ड्यात मागची बाजू आपटायची. ओरिजिनल पार्ट लगेच मिळेना, गाडीचं ते मॉडेल बंद झालेलं. शेक सुरू व्हायला थोडेच दिवस होते. मग बाळकुमला, माझ्या कचेरीच्या वाटेवर, एक गॅरेज आहे, तिथल्या मिस्त्रीनं दुसऱ्या बनावटीचे शॉकअप सुचवले. म्हणाला, ओरिजिनलपेक्षा मऊ. मऊ हा शब्द ऐकला आणि मी हो म्हटलं.

तेव्हा आण्णांना अजून बसवत होतं, काठी घेऊन चालत होते. गॅरेजला बरोबर आले, खुर्ची मागून घेतली आणि मिस्त्रीच्या समोर पहारा दिल्यासारखे बसले. त्यांच्या कंपनीत नियम होता, जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा मिळायचा नाही. आयुष्यभर लोकांकडून जुना माल मोजून घेतलेला माणूस. काम संपत आलं, शेवटचे नट तेवढे राहिले, तसं म्हणाले, "जुना माल परत पाहिजे."

"भंगार हाय काका ते."

"असू दे. आमचं भंगार आम्हाला. नट-बोल्टासकट. काय निघालंय ते सगळं पिशवीत घाला. नाहीतर आमचंच धुऊन-पुसून दुसऱ्याच्या गाडीला जायचं."

मिस्त्री बाळकुमचाच, आगरी, वयानं माझ्याएवढा. त्याचं तोंड उतरलं. "आमी तसला धंदा करत नाय," एवढंच बोलला, आणि जे जे निघालं होतं ते गोणपाटाच्या पिशवीत आपटून आपटून भरलं. पिशवी आमच्या गॅलरीत, बादलीच्या मागं गेली.

पहिल्या दिवसापासून गाडी वाजायला लागली.

तो आवाज कसा सांगू. खडखड नव्हती ती. चाक खड्ड्यातून वर येताना एक कोरडा ठोका, बंद दारावर कुणी बोटाचं हाड आपटावं तसा. खट्. मोठागावच्या पुलावर सांधे आहेत, प्रत्येक सांध्याला खट्. माणकोलीला हायवेला लागलं की जरा शांत, मग खारेगावच्या अलीकडं रस्ता उखडलेला, तिथं खट्, खट्खट्. तोवर आण्णांना बसवत नव्हतं. मागच्या सीटवर आडवे होऊन, गुडघे दुमडून, डोकं माझ्या सीटच्या मागं, उशीवर, असे ते यायचे. आई घरी थांबायची. तिच्यासाठी जागाच उरत नव्हती.

"काय वाजतंय गं?"

"बघते आण्णा. दाखवते कुणाला तरी."

मी आरशात बघायचे. आवाज झाला की त्यांचं सगळं अंग आवळायचं. आणि अंग आवळलं की कळ. धक्का तेवढा मोठा नसायचा, धक्का नवे शॉकअप घेत होते. पण ठोका पडला की शरीर तयारीला लागायचं आणि त्या तयारीनंच ते मरायचे. नंतर नंतर ठोक्याच्या आधीच. समोर स्पीडब्रेकर मला दिसायचा, त्यांना दिसत नव्हता, तरी मी ब्रेकवर पाय ठेवला की मागून श्वास रोखल्याचं ऐकू यायचं.

मी गाडी घेऊन फिरले. बाळकुमच्या मिस्त्रीनं आधी "नवा माल हाय, चार दिवसांत बसंल" म्हणून परत पाठवलं. मानपाडा रोडच्या गॅरेजवाल्यानं पुढचे लिंक रॉड बदलले. आवाज तसाच. कल्याणला पत्रीपुलाजवळ एकानं खाली वाकून सगळीकडं ग्रीस थापलं आणि म्हणाला, "मॅडम, रबर सुकलेत, आता बघा लोण्यासारखी चालेल." लोणी घरापर्यंतही पुरलं नाही. तिसऱ्यानं सांगितलं, पुढचं माउंटिंग गेलंय. सगळे पुढचंच सांगत. एकानं तर विचारलं, "गाडीत पेशंट असतो म्हणता, मग तुम्हाला टेन्शनमुळं तर ऐकू येत नाही ना?" त्याला मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

डिकी रिकामी केली. स्टेपनी काढून घरात ठेवली, जॅक काढला, पाना काढला, छत्री काढली. मागचा ट्रे काढला. सीटबेल्टच्या बकलला रुमाल गुंडाळला. मोबाईलवर लोकांचे व्हिडिओ बघून बघून झोप गेली. जगात सगळ्यांच्या गाड्या वाजतात आणि सगळ्यांचं कारण वेगळं. कचेरीत फाईल पुढं असायची आणि डोक्यात खट्. सहकारी म्हणाली, "अगं एवढं काय, म्युझिक लाव मोठ्यानं." लावलं तेही. आण्णा म्हणाले, "बंद कर. आता तर कधी वाजणार तेही कळत नाही."

एका शुक्रवारी परत येताना खारेगावजवळ ट्रकला वाट देताना माझं चाक खड्ड्यात गेलं. खट् झालं आणि पाठोपाठ आण्णा ओरडले. त्या आवाजात शब्द नव्हता. मी गाडी कडेला घेतली. मागं वळले तर ते छताकडं बघत होते, कानशिलावरून पाणी ओघळत होतं.

"बस झालं," ते म्हणाले. "सोमवारपासून मी येणार नाही."

"आण्णा, असं मधेच सोडलं तर पाय..."

"गेले तर गेले. या वाजणाऱ्या पेटीत मला परत घालू नकोस."

पेटी म्हणाले. ज्या गाडीतून ते खोकत जायचे तिला.

रात्री आईनं समजावलं, मी समजावलं, शेवटी मी चिडले. "डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" असं बोलून गेले. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आई मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "त्यांना शेकाचं काही नाही गं. ते त्या आवाजाला भ्यायलेत. लहान पोर भितं तसे. आवाज घालव, येतील ते." म्हणजे आईच्या हिशेबानं सगळं माझ्यावर आलं. शनिवार आणि रविवार. सोमवारी सकाळी ते गाडीत बसले नाहीत तर त्यांचे पाय जाणार होते, आणि मला एक ठोका सापडत नव्हता.

शनिवारी उघडायच्या वेळेलाच बाळकुमला गेले.

"काय गो ताय, परत आलीस?" मिस्त्री चहा पीत होता. "आवाज हाय अजून?"

"हाय अजून. शॉकअप तुम्ही टाकलेत, तुम्हीच काढून द्या आवाज."

त्यानं गाडी एकट्यानं फिरवून आणली. "मना तं काय आवाज येत नाय बग. झालाच तं पुरून, बॉनेटकरून, बारीकसा." मग माझं तोंड बघून मऊपणानं बोलला, "नजर लागली असंल गारीला. लिंबू बांध एक."

"लिंबानं नट आवळतो का?"

"तसा नाय गो, गंमत केली."

मला हसायला आलं नाही. मी बॉनेटला टेकून उभी होते आणि पुढं काय हे खरंच सुचत नव्हतं. मागच्या सीटवर आण्णांची उशी तशीच पडलेली, खोलगट, मधे तेलाचा डाग. त्या उशीकडं बघताना मला कळलं की गाडी घेतल्यापासून मी कधी मागं बसलेच नाही. आवाज कुठून येतो हे चार मिस्त्र्यांनी सांगितलं, मी सांगितलं. सगळे पुढं बसून. ज्याच्या कानाशी तो वाजत होता त्याला कुणी विचारलं नाही. पेशंटला कशाला त्रास, म्हणून.

चावी मिस्त्रीच्या हातात दिली. "तुम्ही चालवा. मी मागं झोपते."

"झोपते?"

"वडील झोपतात तशी."

तो संकोचला. बाजूच्या टायरवाल्यानं हाक मारलीच, "काय रे, गॅरेजचा दवाखाना कवा केलास?" मिस्त्रीनं त्याला हातानं गप्प केलं आणि गाडी सुरू केली. मी गुडघे दुमडले, डोकं उशीवर ठेवलं. उशीला बामाचा वास होता. तिथून काहीच दिसत नाही. छत दिसतं, आणि काचेतून टॉवरांचे वरचे मजले सरकताना दिसतात. रस्ता दिसत नाही, खड्डा दिसत नाही, ब्रेक का लागला ते कळत नाही. मला तिथं दोन मिनिटांत गुदमरल्यासारखं झालं, आणि माझ्या पाठीला काही झालेलं नव्हतं.

एका कॉम्प्लेक्सच्या गेटसमोरच्या स्पीडब्रेकरवर गाडी चढली, उतरली.

खट्.

माझ्या कवटीत वाजलं ते. पुढं नाही, खालीही नाही. उशीच्या मागं, वितीभर अंतरावर, पत्र्याच्या आत.

"थांबा!" मी ओरडले. "मागं आहे. माझ्या डोक्यामागं आहे."

गॅरेजला आल्यावर त्यानं डिकीतलं कापडी अस्तर सोडवलं. पत्र्याला भोक, त्यातून शॉकअपचा दांडा वर आलेला, त्यावर रबर आणि वर नट. त्यानं पाना लावला. "बग. फुल टाइट. फिरत नाय." खरंच फिरत नव्हता. तेवढ्यावर तो अस्तर परत लावायला निघाला. मी त्याला म्हटलं, गाडी मागून दाबा. तो दाबत-सोडत राहिला आणि मी नटावर पंजा ठेवला. तळहाताला टिचकी लागली. परत दाबलं, परत लागली. बोटं खाली सरकवली आणि नटाखालचं रबर धरलं, तर ते फिरलं. दोन बोटांनी, बाटलीच्या झाकणासारखं.

"नट टाइट आहे तर रबर ढिलं कसं?"

त्यानं हात घालून बघितलं. मग बॅटरी लावून बघितलं.

"आटे संपलेत," शेवटी म्हणाला. "नट आट्यांच्या तळाला जाऊन बसला. रबर दाबायला मदी वायसर लागते. वाटीसारका, जारा."

"मग तो वॉशर घातला का नाही?"

"नव्या शॉकअपसोबत नाय येत तो. जुन्याचाच काढून घालाचा असते."

"मग जुन्याचा कुठंय?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मीही त्याच्याकडं. दोघांनाही एकदमच आठवलं असणार.

"तुजे बापाला दिला ना मी," तो म्हणाला. "आख्खा माल पायजे बोल्ला. नट-बोल्टासकट. मना चोर बोल्ला सगळ्यांसमोर. मंग दिला भरून सगळा."

"त्यांना काय कळतं गाडीतलं? काम तुमचं होतं!"

"हो, माजाच होता," तो तितक्याच जोरात ओरडला. "पन डोका फिरला त्या टायमाला. मी काय बगला नाय काय भरते ते. बोल आता, काय करू? पाया परू?"

टायरवाला बघत होता. भांडायला जीवच उरला नव्हता. त्यानं डबा उपडा करून साधे चपटे वायसर शोधले, एकाचं भोक मोठं, एक पातळ. जुळेल असा मिळाला नाही. रविवारी त्याची सुट्टी असते. "ये घेऊन. खोलतो गॅरेज," म्हणाला.

घरी आले तेव्हा आण्णा जागे होते. गॅलरीत बादली सरकवल्याचा आवाज त्यांनी बरोबर ओळखला.

"माझ्या मालाला हात लावायचा नाही."

"भंगारवाला आलाय खाली," मी म्हटलं. खोटं बोलले. त्यांना खरं सांगावं असं माझ्या मनात नव्हतं.

"कोण भंगारवाला? हाक ऐकली नाही मी. इकडं आण ती पिशवी."

आणली. पलंगाशेजारी जुनं वर्तमानपत्र अंथरून ठेवली. त्यांनी पडल्या पडल्याच हात आत घातला आणि एकेक वस्तू चाचपून बाहेर काढली, जशी ते स्टोअरच्या काउंटरवर काढत असतील. शॉकअप, रबर, नट. मग तो वायसर. काळा, जाड, वाटीदार. दुसरा त्याच्याच जोडीचा.

"हे पाहिजेत तुला."

मी मान हलवली.

"का?"

सांगितलं. जेवढं कमी शब्दांत सांगता येईल तेवढं. ते वायसरच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"म्हणजे आवाज मी केला."

"मिस्त्रीनं बघायला पाहिजे होतं, आण्णा. त्याचं काम ते."

"मागितलं मी."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "मागितलं ते बरं झालं. नाहीतर त्यानं विकले असते आणि आता कुठं शोधत बसली असती ती?" आईचं हे असं असतं. आण्णा हसले नाहीत, पण वायसर माझ्या हातात ठेवले.

"हे लावल्यावर जाईल?"

"जाईल."

"नाही गेला तर?"

खरं म्हणजे मला खात्री नव्हती. आधीही प्रत्येक वेळी जाईलच म्हणाले होते.

"नाही गेला तर मी येणार नाही," ते म्हणाले. "सांगून ठेवतो."

रविवारी मिस्त्रीनं शटर अर्धंच उघडलं. घरचे कपडे, लुंगी. दोन्ही बाजूंचे नट सोडले, वायसर बसवले, आवळताना मला म्हणाला, "रबरावर बोट ठेव. फिरला तं सांग." नट खाली येत गेला, रबर फुगत गेलं, वाटीच्या कडेला घट्ट बसलं. फिरलं नाही. मग मी परत मागं झोपले आणि त्यानं मला बाळकुमभर फिरवलं, स्पीडब्रेकर शोधून शोधून. एकदाही वाजलं नाही. मी तशीच पडून राहिले. रडले थोडी. त्यानं आरशात बघितलं असेल, पण उतरल्यावर एवढंच म्हणाला, "काकांना सांग, काय ठेवला नाय मी."

सोमवारी आण्णा गाडीत बसले. आवाज गेलाय की नाही ते बघायला बसले, माझ्यासाठी नाही. आडवे झाले, उशी नीट केली. बिल्डिंगच्या गेटवरचा स्पीडब्रेकर मी गोगलगाईसारखा ओलांडला. काही नाही. पुलाचा पहिला सांधा आला, मागून श्वास रोखला गेला. सांधा गेला, नुसती टायरची घरघर. दुसरा. तिसरा. मी आरशात बघत होते. त्यांचे डोळे आवाजाची वाट बघत होते.

मला वाटलं होतं आवाज गेला की निम्मं दुखणं जाईल. माणकोलीच्या वळणावर गाडी जराशी कलली, आणि त्या शांत गाडीत मला ते ऐकू आलं. बारीक, एकसारखं कण्हणं. श्वासाबरोबर आत जाणारं, बाहेर येणारं. ते आज सुरू झालेलं नव्हतं. इतके दिवस खटखटीखाली झाकलेलं होतं, आणि मी सगळा वेळ कान दुसऱ्याच आवाजाला लावून होते.

"आण्णा, थांबवू का जरा?"

"वाजलं का?"

"नाही."

"मग कशाला थांबवतेस?"

खारेगाव गेलं. माजिवड्याला सिग्नल लागला तेव्हा ते म्हणाले, "आता माझं मलाच ऐकू येतंय." तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगितल्यासारखं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी माझा पाय उचलेना.

"चल," आण्णा म्हणाले. "मशीन थांबत नाही कुणासाठी."

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये मी मागचं दार उघडलं. त्यांना उठून बसायला वेळ लागला. मग त्यांनी एक पाय खाली ठेवला, तो टेकलाय का ते जोर देऊन बघितलं, मग दुसरा ठेवला. मी हात पुढं केला. त्यांनी माझ्या हातात रिपोर्टांची पिशवी दिली आणि काठी टेकत दाराकडं निघाले.